पौलाचा प्रश्न आणि पोलीस कोठडी



प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायाच्या शेवटी एक प्रसंग आहे. रविवारच्या वाचनांत तो येत नाही, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावरून गेला नसेल. यरुशलेमात पौलाविरुद्ध दंगल उसळते. रोमी सरदार त्याला जमावाच्या तावडीतून सोडवतो, गढीत नेतो आणि हुकूम देतो की ह्याला फटके मारा आणि लोक ह्याच्यावर का खवळले आहेत ते काढून घ्या. हा सरदार दुष्ट होता असे संत लूक म्हणत नाही. उलट त्यानेच थोड्या वेळापूर्वी पौलाचा जीव वाचवला होता. त्याला फक्त माहिती हवी होती, आणि माहिती काढण्याची त्याच्या खात्यातली रीत तीच होती. पौलाला वाद्यांनी बांधत असताना तो जवळच्या शताधिपतीला एवढेच विचारतो, की गुन्हा शाबीत झाला नसताना रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्यात बसते काय? हे ऐकताच चौकशीला आलेली माणसे मागे सरतात. सरदारालाही भीती वाटते.

ही भीती कसली, ते लक्षात घ्या. पौलाच्या पाठीची नव्हे. उद्या वरून कोणी जाब विचारील, ह्याची भीती. तेवढ्या एका गोष्टीने पौल त्या दिवशी वाचला.

आपल्या देशात चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला ही भीती असावी की नसावी, असा आजच्या अभ्यासाचा विषय आहे. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या माणसाला कोठडीत छळले गेले, तर छळणाऱ्यावर खटला भरावा काय? अमेरिकेत ह्यावर मोठा वाद झाला. २००१ च्या हल्ल्यानंतर तिथल्या गुप्तचर खात्याने कैद्यांना पाण्याने गुदमरवणे, दिवसच्या दिवस झोपू न देणे अशा रीती वापरल्या आणि सरकारी वकिलांनी त्यांना कायदेशीर ठरवणारी टिपणे लिहून दिली. एप्रिल २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनी ती टिपणे खुली केली. त्याच वेळी त्यांनी सांगून टाकले की त्या सल्ल्यावर विसंबून काम करणाऱ्यांवर खटले होणार नाहीत. मागे पाहण्यापेक्षा पुढे पाहावे, असा त्यांचा सूर होता. पुढे काही प्रकरणांची चौकशी झाली, पण २०१२ मध्ये तीही आरोप न ठेवता बंद झाली. हे दूरचे झाले. आपल्या महाराष्ट्रात काय घडले ते पाहू.

२ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. दोन माणसे मेली, अनेक जखमी झाली. त्या तपासात परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर पकडला गेला. तो दुबईला नोकरीस होता आणि सुटीवर घरी आला होता. त्याला ‘पोटा’ ह्या दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलीस कोठडीत ठेवले. जानेवारी २००३ च्या पहिल्या आठवड्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. पोलिसांनी सांगितले की त्याला औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळून गेला. त्याच्याबरोबर पकडलेल्या एका डॉक्टरने वेगळे सांगितले. युनूसला उघडे करून मारताना आणि त्याला रक्ताची उलटी होताना आपण पाहिले, असे त्याचे म्हणणे होते. युनूसचा मृतदेह आजवर मिळालेला नाही.

युनूसची आई आसिया बेगम न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीआयडीने तपास केला, तेव्हा जीप उलटल्याची कहाणी बनावट निघाली. सीआयडीने चौदा पोलिसांवर खटला भरण्याची परवानगी मागितली. सरकारने ती चौघांपुरती दिली. सचिन वाझे हा त्या चौघांपैकी एक. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आईला वीस लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले, पण उरलेल्या दहा जणांवर खटला भरण्याची तिची मागणी मान्य केली नाही. आणि ज्या घाटकोपर स्फोटासाठी हे सारे झाले, त्यातील युनूसच्या साथीचे आरोपी २००५ मध्येच निर्दोष सुटले होते.

त्या डॉक्टरची साक्ष खटल्यात नोंदवली गेली ती २०१८ च्या जानेवारीत, म्हणजे पंधरा वर्षांनी. त्याने आणखी चार अधिकाऱ्यांची नावे घेतली. त्यांनाही आरोपी करावे असा अर्ज विशेष सरकारी वकिलांनी केला आणि थोड्याच दिवसांत सरकारने त्या वकिलांना ह्या कामातून दूर केले. जून २०२० मध्ये कोरोनाच्या काळात मनुष्यबळ कमी आहे असे कारण देऊन चौघाही आरोपी पोलिसांना पुन्हा नोकरीवर घेण्यात आले. मार्च २०२१ मध्ये मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ स्फोटकांची गाडी ठेवल्याच्या प्रकरणात वाझेला अटक झाली आणि मे महिन्यात त्याला बडतर्फ केले गेले. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालय करील. मला इथे एवढेच दाखवायचे आहे की एका आईने पहिल्या दिवशी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मिळायला वीस वर्षेही पुरली नाहीत.

कोणी म्हणेल, ही दहशतवादाची प्रकरणे, आपला त्यांच्याशी काय संबंध? तर २०१४ चे उदाहरण घ्या. मुंबईत वडाळा रेल्वे पोलिसांनी अॅग्नेलो वल्दारिस ह्या पंचवीस वर्षांच्या तरुणाला चोरीच्या संशयावरून पकडले. तो कोठडीत असतानाच मेला. पोलीस म्हणाले, पळू पाहत होता आणि गाडीखाली आला. ती तारीख होती १८ एप्रिल २०१४. त्या वर्षी त्या दिवशी गुड फ्रायडे होता. त्याच्या वडिलांनी दाद मागितल्यावर उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला आणि रेल्वे पोलिसांवर आरोपपत्र दाखल झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत अनिकेत कोथळे हा तरुण लूटमारीच्या संशयावरून पकडला गेला आणि कोठडीत मेला. तिथेही पोलिसांनी पळून गेल्याचेच सांगितले. प्रत्यक्षात त्याचे प्रेत गाडीत घालून आंबोलीच्या घाटात आणून जाळले होते. आंबोली म्हणजे आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातली, पावसाळ्यात आपण धबधबे पाहायला जातो ती. त्या प्रकरणात उपनिरीक्षकासह पोलिसांना लगेच अटक झाली.

परभणीचा मुसलमान, मुंबईचा ख्रिस्ती, सांगलीचा हिंदू. तिघांनाही ‘पळवले’ गेले. मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील हिंदू आरोपींनीही आपला छळ झाल्याची तक्रार केली होती, आणि तेव्हा एरवी असल्या तक्रारींकडे लक्ष न देणाऱ्या पुष्कळांना हा विषय एकाएकी महत्त्वाचा वाटू लागला. उलट दिशेनेही तसेच घडले. माझ्या मते आपली खरी परीक्षा इथेच होते. छळ झालेला माणूस आपल्या बाजूचा असेल तरच आपण हळहळत असलो, तर आपला विरोध छळाला नसून दुसऱ्या बाजूला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. कबुली काढण्यासाठी मारहाण करणे हा आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत त्यासाठी कलम ३३० आणि ३३१ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १२० मध्ये आले आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत. पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा धरायची नाही, हा नियमही १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या कायद्यातही आहे. हा नियम काही दयेपोटी आलेला नाही. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी झाली, तेव्हा खालचे नोकर कबुलीसाठी आणि शेतसाऱ्यासाठी रयतेचे कसे हाल करतात हे सरकारी अहवालातच नोंदले गेले होते. म्हणजे पोलिसाने काढलेल्या कबुलीवर विश्वास ठेवता येत नाही, हे परक्या राज्यकर्त्यालाही कळले होते.

दहशतवादाचे कायदे आले आणि हा बांध फोडला गेला. ‘टाडा’, ‘पोटा’ आणि आपल्या राज्याचा १९९९ चा ‘मोक्का’ ह्या तिन्ही कायद्यांनी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून मान्य केली. पहिले दोन कायदे गेले, मोक्का राहिला.

दुसरी अडचण खटल्याच्या परवानगीची. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते. ही तरतूद अगदीच निरर्थक नाही. ज्याने गुन्हेगाराला पकडले त्याच्यावर तोच गुन्हेगार उद्या खोटी फिर्याद ठोकील, तर कोणी प्रामाणिक हवालदार पुढे पाऊल टाकणार नाही. पण कोठडीत माणूस मारणे हे कर्तव्य कसे? आणि मंजुरी देणारे सरकार तेच, ज्याच्या खात्याने हे केले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये एक सुधारणा मात्र झाली आहे. १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही तर मंजुरी दिली असे धरायचे. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून पक्का केलेला नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेत अडकून मावळले.

इथे कोणी म्हणेल की फादर, हे सगळे पुस्तकी आहे. बॉम्ब ठेवलेला आहे, तासाभरात शेकडो माणसे मरणार आहेत आणि ज्याला ठावठिकाणा माहीत आहे तो तुमच्या ताब्यात आहे. त्याला काय चहा पाजायचा? प्रश्न खोटा नाही. १९९३ मध्ये आपल्या ह्याच किनाऱ्यावर, रायगडातल्या दिघी आणि शेखाडीला आरडीएक्स उतरले आणि मुंबईत २५७ माणसे मेली. दहशतवाद म्हणजे काय हे कोकणी माणसाला शिकवावे लागत नाही. पण त्याच प्रकरणातली एक गोष्ट आपण विसरतो. तो माल उतरू दिला कोणी? पैसे घेऊन डोळेझाक करणाऱ्या कस्टम आणि पोलीस खात्यातल्या माणसांनी. त्यांच्यावर खटले झाले, शिक्षा झाल्या, आणि त्याने खात्याचे मनोधैर्य खचले असे कोणी म्हटले नाही. लाच घेणाऱ्याला शिक्षा केल्याने खाते स्वच्छ होते. मग कबुलीसाठी माणूस मारणाऱ्याला शिक्षा केल्याने ते दुबळे का व्हावे?

शिवाय, छळाने सत्य हाती लागते हे गृहीतच तपासून पाहावे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. रत्नागिरीचे निम्मे घर मुंबईत असते. त्या संध्याकाळी फोन लागत नव्हते, ते पुष्कळांना आठवत असेल. मोक्का न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, पाचांना फाशी दिली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडले. त्यांच्या कबुल्या छळ करून घेतल्याचे दिसते आणि त्यांवर विसंबता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. राज्य सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे त्या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत वापरू नये असा आदेश झाला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. आता ज्यांचा मुलगा त्या डब्यात गेला त्या आईबापांचा विचार करा. एकोणीस वर्षांनी त्यांच्या पदरात काय पडले? ही माणसे निर्दोष असतील तर खरे गुन्हेगार मोकळे राहिले. दोषी असतील तर मारून घेतलेल्या कबुलीनेच खटला नासवला. दोन्हीकडून फसवणूक झाली ती मेलेल्यांच्या घरच्यांची. छळाला विरोध म्हणजे गुन्हेगाराची कड घेणे, असे जे म्हणतात, त्यांनी ह्या घरांत जाऊन बोलावे.

आणि दुसरी रीतही ह्याच मुंबईने दाखवली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री साताऱ्याकडचे तुकाराम ओंबळे ह्यांनी हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्याला जिवंत पकडून दिले. मग त्याला वकील मिळाला, उघड न्यायालयात खटला चालला, सीसीटीव्हीची चित्रे, छायाचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार पुढे आले. फाशीची शिक्षा ख्रिस्तसभेला मान्य नाही, तो विषय वेगळा. पण त्याचा गुन्हा सिद्ध झाला तो पुराव्याने, आणि त्या निकालाबद्दल जगात कोणाला शंका उरली नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण ह्याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने शारीरिक आणि मानसिक छळाला मानवी प्रतिष्ठेविरुद्धच्या लज्जास्पद कृत्यांत गणले. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९३ च्या विश्वपत्रात ही कृत्ये मुळातच वाईट आहेत, कोणत्याही हेतूने ती चांगली होत नाहीत, असे शिकवले. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२९७ व्या परिच्छेदात कबुलीसाठी केलेला छळ नावानिशी निषिद्ध आहे, आणि सामाजिक शिकवणुकीच्या संक्षेपात गुन्हा कितीही गंभीर असला तरी तपासात छळ करता येणार नाही असे सांगितले आहे.

ह्या ग्रंथाचा पुढचा परिच्छेद, २२९८, मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच वाचला असेल. पूर्वीच्या काळी सरकारे असली क्रूर साधने वापरत, धर्मगुरूंनी त्याविरुद्ध आवाज उठवला नाही, उलट स्वतःच्या न्यायालयांत तीच वापरली, असे ख्रिस्तसभा तिथे कबूल करते. खरे तर पोप पहिले निकोलस ह्यांनी ८६६ मध्येच बल्गारियाच्या राजाला कळवले होते की मारून घेतलेली कबुली देवाच्या आणि माणसाच्या कायद्याविरुद्ध आहे. पण १२५२ मध्ये पोप चौथे इनोसंट ह्यांनी पाखंडी लोकांच्या चौकशीत छळाला परवानगी दिली. पाखंड म्हणजे समाजाचा घात, नेहमीचे नियम इथे पुरे पडत नाहीत, असाच तेव्हाचा युक्तिवाद होता. आज दहशतवादाविषयी ऐकतो तोच.

ह्याची झळ आपल्या दारापर्यंत आली होती. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. चार्ल्स देलाँ हा फ्रेंच वैद्य, स्वतः कॅथोलिक, तिथे कैदेत होता. पहाटे छळाच्या खोलीतून येणाऱ्या किंकाळ्यांविषयी त्याने १६८७ च्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. त्या न्यायालयांचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. छळाच्या खोलीत दिलेली कबुली तेवढ्याने पुरी मानत नसत. नंतर बाहेर आणून आरोपीकडून ती ‘स्वखुशीने’ पुन्हा वदवून घेत. नाकारली तर परत त्याच खोलीत जावे लागेल, हे आरोपीला ठाऊक असे. आज अधिकाऱ्यापुढे घेतलेली कबुली पुढे दंडाधिकाऱ्याकडे पाठवतात, तेव्हा मला ह्या नियमाची आठवण होते. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या ह्या पापांची क्षमा मागितली. तेव्हा हा विषय आपण बोटे दाखवण्यासाठी घेत नाही. ह्या वाटेने गेलेल्या घरातली आपण माणसे आहोत.

मग क्षमेचे काय? ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, खटले कशाला, असे काही भाविक प्रामाणिकपणे विचारतात. येशूच्या चौकशीत पहिली थप्पड बसली ती हन्नापुढे, एका शिपायाच्या हातची. येशूने उलट हात उगारला नाही, पण गप्पही राहिला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर तसे दाखव, नाहीतर मारतोस का, असे त्याने विचारले. ज्याने क्रुसावरून क्षमा केली त्यानेच हा जाब विचारला. क्षमा करणे जखमी माणसाच्या हातात आहे; युनूसच्या आईने करायची की नाही ते ती ठरवील. सरकारला तिच्या वतीने क्षमा करता येत नाही. प्रायश्चित्त संस्कारातही पाप कबूल करणे आणि भरपाई करणे आलेच. जक्कयाने नुसते रडून चालवले नाही, चौपट परत केले.

पौलाचा आणखी एक प्रसंग सोळाव्या अध्यायात आहे. फिलिप्पैत त्याला आणि सीलाला चौकशीविना चौकात फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या, जाऊ दे त्यांना. पौल हटून बसला. उघड मारलेत आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. ह्या हट्टात सूड नाही. फटके मारणाऱ्याला त्याने फटके मागितले नाहीत. त्याला गुपचूपपणा नको होता. त्या गावात नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या माणसांना, लुदियाच्या घराला आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याला मागे राहायचे होते. त्यांच्यावर उद्या कोणी हात टाकताना विचार करावा, म्हणून ते अधिकारी दिवसाढवळ्या तुरुंगाच्या दाराशी यायला हवे होते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पोलीस खात्यात नोकरी करणारा कोणी ना कोणी आहे. बारा-बारा तासांची ड्युटी, गणपतीला आणि नाताळाला रजा नाही, आणि वरून ‘दोन दिवसांत डिटेक्शन दाखवा’ हा तगादा. हाताने पट्टा चालवतो तो बहुधा शिपाई, आणि अडकतोही तोच. साहेब म्हणतात, मला माहीत नव्हते. शिपाई म्हणतो, साहेबांनी सांगितले. पिलाताने हात धुतले, पण फटके मारण्याचा हुकूम त्याचाच होता. म्हणून खटला व्हायचा तर तो हुकूम देणाऱ्यापर्यंत जायला हवा. आणि शिपाईगिरी करणाऱ्या आपल्या मुलालाही घरात कोणीतरी सांगितलेले असावे की असला हुकूम पाळण्याचे त्याच्यावर बंधन नाही, ख्रिस्तसभेचे नाही आणि कायद्याचेही नाही.

ह्या महिन्यात लहान ख्रिस्ती समूहांत हे दोन अध्याय, सोळावा आणि बाविसावा, मिळून वाचावेत. बरोबर कायद्यातल्या काही साध्या गोष्टीही समजून घ्याव्यात. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिलेले नियम अजून चालू आहेत. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद जागेवर तयार करून त्यावर घरच्या किंवा गावच्या एका साक्षीदाराची सही घ्यायची. घरच्यांना कळवायचे. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, हे तर राज्यघटनेतच आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देते. दंडाधिकारी आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे काय? मागे पोलीस उभे असतात, म्हणून बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. त्या क्षणी घरचे कोणीतरी न्यायालयात समोर दिसले पाहिजे. तो मुलगा आपल्या चर्चचा असो, मिरकरवाड्यातला असो की आणखी कुठला.